विकतचे कान

“प्रोफेसरसाहेब, हें काम तुम्हांस शोभत नाहीं!” गेल्या दिवाळींत आमच्या एका जुन्या स्नेह्यांनीं आमच्या टेबलाकडे पाहून हे उद्गार काढले. टेबलावर त्या वेळीं सोल्डरिंगची तापलेली कांडी, कथिल-शिशाच्या तारेचें रीळ, नखाएवढ्या चिपा बसविलेली एक हिरवी पाटी आणि उघडा ट्रान्सफॉर्मर असा पसारा होता. व त्यांतून आम्ही जें कांहीं निर्माण करूं पाहत होतों त्यास इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘डॅक’ असें म्हणतात. तबकडींत किंवा संगणकांत आंकड्यांच्या रूपानें सांठविलेल्या गाण्याचा पुन्हां विजेचा सलग प्रवाह करून तो ध्वनिवर्धकाकडे पाठवावयाचा, एवढेंच त्या यंत्राचें काम. आमचे स्नेही वकील आहेत, गाण्याचे दर्दी आहेत, आणि त्यांच्या उद्गारांत रागापेक्षां कींवच अधिक होती. “बाजारांत मिळतें तें घ्यावें. तुमच्या एका तासाची किंमत काय, आणि त्या खोक्याची काय!” असा हिशेबहि त्यांनीं लगेच करून दिला. त्याच बैठकीस दुसरे एक रावसाहेब होते. त्यांच्या दिवाणखान्यांत कांहीं लाख रुपये किंमतीचा परदेशी डॅक विराजमान आहे. त्यांनीं आमची पाटी पाहून न पाहिल्यासारखी केली, आणि हळूच म्हणाले, “वाजेल हो, पण त्यांत प्राण कोठून येणार?”

या दोघांशींहि आम्हांस भांडावयाचें आहे. आणि दोघांशीं भांडतां भांडतां तिसऱ्या एका मंडळीशींहि भांडणें प्राप्त आहे. ती मंडळी म्हणजे घरीं डॅक बनविणारे आमचेच समानधर्मी. कारण आमच्या बाजूचें म्हणून जें समर्थन केलें जातें, त्यांतील निम्में तरी खोटें आहे, आणि खोट्या साक्षीदारावर खटला जिंकण्याची आमची इच्छा नाहीं.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. ध्वनीचे आंकडे करण्याची कल्पना अलेक रीव्ह्ज् या इंग्रज इंजिनियराची. पॅरिसमध्यें असतांना १९३८ सालीं त्यानें तिचें पेटंट घेतलें. अशा सुट्या आंकड्यांवरून मूळचा तरंग पुन्हां उभा करतां येतो, हें रशियांत कोटेल्निकोव्ह यांनीं १९३३ मध्यें व अमेरिकेंत क्लॉड शॅनन यांनीं १९४९ मध्यें गणितानें दाखविलें. ऑक्टोबर १९८२ मध्यें जपानांत कॉम्पॅक्ट डिस्कचें पहिलें यंत्र विक्रीस आलें, आणि ही विद्या घराघरांत शिरली. त्या तबकडीवर एकेका कानासाठीं दर सेकंदास ४४,१०० आंकडे असतात, व प्रत्येक आंकडा ६५,५३६ पायऱ्यांपैकीं एक पायरी दाखवितो. हे आंकडे अचूक पायरीवर व अचूक क्षणीं विजेच्या दाबांत उतरविणें म्हणजे डॅकचें काम. यांत प्राण नाहीं, आत्मा नाहीं. आहे तें केवळ पायरी चुकूं न देणें व वेळ चुकूं न देणें.

आतां विक्रेत्यांच्या पत्रकांत एक चित्र नेहमीं आढळतें. एका बाजूस गुळगुळीत लाट. दुसऱ्या बाजूस तीच लाट, पण जिन्यासारखी तुटक. खालीं मजकूर असा कीं, साधा डॅक तुम्हांस हा जिना ऐकवितो, आमचा मात्र लाट ऐकवितो. हें चित्र पाहून पुष्कळ शहाणीं माणसें फसलीं आहेत, म्हणून स्पष्ट सांगितलें पाहिजे कीं हें चित्र खोटें आहे. शॅननचा सिद्धांत असें म्हणत नाहीं कीं आंकडे पुरेसे दाट घेतले म्हणजे लाट ‘जवळजवळ’ उभी राहते. तो असें म्हणतो कीं मूळ ध्वनींत आंकड्यांच्या निम्म्या वेगापलीकडचें कंपन नसेल, तर त्या बिंदूंतून जाणारी व त्याच मर्यादेंत राहणारी लाट एकच असते, दुसरी असूंच शकत नाहीं. जिना असतो तो यंत्राच्या पोटांत. शेवटच्या गाळणींतून बाहेर पडतांना तो उरत नाहीं. आमच्या महाविद्यालयांत हा सिद्धांत दरवर्षीं शिकविला जातो, दरवर्षीं परीक्षेंत लिहिला जातो. आणि तो लिहून पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झालेला पदवीधर पुढें पगार हातांत येतांच त्याच जिन्याच्या चित्रावर भाळून खोकें विकत घेतो!

पण विक्रेत्यांस एकट्यासच कां दोष द्यावा? घरीं डॅक बनविणाऱ्यांत एक पंथ असा आहे कीं, त्यास तो जिनाच प्रिय आहे. जपानांत र्योहेइ कुसुनोकि यांनीं १९९६ च्या सुमारास असें प्रतिपादन केलें कीं आंकड्यांची संख्या वाढवूं नये, गाळणी लावूं नये, आंकडा आला तसा वाजवावा. फिलिप्सच्या १९८० नंतरच्या दशकांतील जुन्या चिपा शोधून काढून त्यांवर हा प्रयोग करणारे भाविक आज सर्व जगांत आहेत, व आपल्या शहरांतहि आहेत. त्या चिपांच्या नांवाखालीं भलत्याच चिपा घासून, नवा शिक्का मारून विकणारेहि आहेत; आम्हीहि एकदां अशा नकली मालास बळी पडलों आहों. असो. या पंथाचा डॅक ‘मऊ’ वाजतो असें म्हणतात, आणि तें खरें आहे. कारण गाळणी नसली म्हणजे वीस हजार कंपनांचा स्वर गणितानेंच तीन डेसिबलांहून थोडा अधिक मंदावतो. शिवाय त्या स्वराची छाया २४,१०० कंपनांवर उमटते ती वेगळीच. पिवळ्या कांचेंतून पाहिलें तर ऊन मऊ दिसतें. कोणास तें आवडलें तर आमची हरकत नाहीं. हरकत आहे ती पिवळ्या कांचेस सूर्य म्हणण्यास.

आणि या जुन्या चिपांच्या भक्तांस त्यांच्याच दैवताची एक कथा सांगण्यासारखी आहे. फिलिप्स कंपनीच्या पहिल्या प्लेअरमधील चिप सोळा बिटांची नव्हतीच. ती चौदा बिटांची होती. कंपनीच्या इंजिनियरांनीं आंकड्यांचा वेग चौपट केला, आणि जी चूक उरली ती कानास न ऐकूं येणाऱ्या उंच कंपनांत ढकलून दिली. त्यामुळें चौदा बिटांच्या चिपेनें सोळा बिटांचें काम बजावलें. म्हणजे भक्त ज्यास आज भेसळ म्हणतात, त्या युक्तीवरच त्यांचें दैवत चालूं लागलें होतें.

रावसाहेबांच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत ३२ बिट व ३८४ किलोहर्ट्झ असें कोरलेलें आहे. या आंकड्यांचा अर्थ काय तो पाहूं. डॅकचा नेहमींचा दाब दोन व्होल्टांचा असतो. त्याच्या चोवीस बिटांनीं पायऱ्या केल्या तर एक पायरी एका व्होल्टाच्या दशलक्षांशाच्या सुमारें एक-तृतीयांश इतकी होते. आतां एक हजार ओहमचा साधा रेझिस्टर, ज्याची किंमत एका चहापेक्षां कमी आहे, तो केवळ खोलींत गरम आहे म्हणून स्वतःच जो खरखराट करतो, तो या पायरीहून जास्त असतो. पदार्थाच्या अणूंची ही धडपड आहे. ती बंद करावयाची तर रावसाहेबांस आपला दिवाणखाना द्रव हवेंत बुडवून ठेवावा लागेल. मग चोविसाच्या पुढचे ते आठ बिट कोणासाठीं? आणि या यंत्रावर रावसाहेब ऐकतात काय, तर १९३७ सालीं दिवंगत झालेल्या अब्दुल करीम खांसाहेबांच्या तबकड्या! खांसाहेबांचा सूर आम्हांसहि प्राणप्रिय आहे. परंतु त्या काळच्या तबकडीवर आठ-दहा हजार कंपनांपलीकडें खरखरीशिवाय फारसें कांहीं नाहीं. आणि असतें तरी आमचा व रावसाहेबांचा कान पन्नाशी उलटलेला. आम्ही स्वतःची परीक्षा केली तेव्हां तेरा हजारांपुढचा स्वर आम्हांस ऐकूं आला नाहीं. घरांतील मांजर मात्र मान वळवून पाहत होतें.

येथें रावसाहेबांच्या बाजूचें एक उत्तर नेहमीं येतें, व तें वजनदार आहे म्हणून टाळतां येत नाहीं. ते म्हणतात, “मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतो ती कोणत्या मीटरवर? दोऱ्याखालीं अर्ध्या केसाचा फरक त्याच्या कानास कळतो. तसाच आमचाहि कान.” मिरजेच्या कारागिरांपुढें आमचें मस्तक सदैव नम्र आहे. पण ही उपमाच चुकली आहे. तंबोरा हा स्वर निर्माण करतो. त्यास रंग असावा, गुंजन असावें, एका घराण्याच्या हातचा तंबोरा दुसऱ्याहून निराळा असावा, यांतच त्याची थोरवी. डॅकनें कांहींहि निर्माण करावयाचें नाहीं. तो चष्म्याची कांच आहे. आणि ज्या कांचेंतून सर्व चित्रें सारख्याच सोनेरी रंगाचीं दिसतात, ती कांच चित्रकार नव्हे, ती मळलेली आहे. शिवाय जवारीचा कारागीर आपल्या कानाची परीक्षा रोज, गिऱ्हाइकासमोर, गवयासमोर देतो. रावसाहेबांनीं अशी परीक्षा एकदां तरी दिली आहे काय?

आम्हीं दिली, आणि तिची हकीकत आमच्या फार मोठेपणाची नसली तरी सांगतों. डॅक पुरा झाल्यावर प्रथम जी धन्यता वाटली ती कोणत्याहि बापास वाटते तशीच होती. अमेरिकेंत नऊ डॉलरांस विकलेला अ‍ॅपल कंपनीचा बोटभर लांबीचा एक जोड आमच्या कन्येपाशीं होता. त्यांतहि डॅकच असतो. तो आणि आमचा डॅक आळीपाळीनें ऐकून आम्हीं जाहीर केलें कीं आमच्यांत गवयाचा श्वाससुद्धां ऐकूं येतो, त्यांत येत नाहीं. कन्येनें पडदा ओढला, नाणें उडवून सोळा वेळां यंत्र बदललें, आणि आम्ही सोळांपैकीं चौदा वेळां बरोबर ओळखलें. त्या रात्रीं आम्हांस उशीरां झोंप लागली. दुसऱ्या दिवशीं तिनें विचारलें, “बाबा, दोन्हींचा आवाज सारखा होता का?” आम्हीं तो कानानेंच जुळविला होता. चारशें कंपनांचा स्वर लावून मीटरनें पाहतों तों आमचा डॅक एका डेसिबलानें मोठा! एवढा फरक ‘मोठा’ म्हणून कळत नाहीं. तो ‘अधिक स्पष्ट’, ‘अधिक जिवंत’ म्हणून कळतो, आणि दुकानांत महाग यंत्र किंचित् चढ्या आवाजावर ऐकविण्याची युक्ति यावरच चालते. मीटरनें आवाज बरोबर जुळवून पुन्हां सोळा वेळां परीक्षा झाली. या वेळीं बरोबर आलेलीं उत्तरें नऊ. डोळे मिटून नुसतें नाणें उडवीत बसलों असतों, तरी पांच वेळांत दोनदां नऊ किंवा त्याहून अधिक आलीं असतीं.

हा केवळ आमच्याच पन्नाशीच्या कानांचा दोष नव्हे. बोस्टनकडील मेयर व मोरान या दोघांनीं २००७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उच्च प्रतीच्या मुद्रणाच्या वाटेंत कॉम्पॅक्ट डिस्कच्या दर्जाची अडवणूक घालून ती ओळखावयास लोकांस सांगितलें. ५५४ वेळांपैकीं २७६ वेळां ओळख बरोबर आली, म्हणजे निम्म्यासहि एक कमी. याच्या उलट बाजूचा पुरावा लपविणें आम्हांस मान्य नाहीं. जोशुआ राइस यांनीं २०१६ मध्यें अशा अठरा प्रयोगांचे बारा हजारांवर निकाल एकत्र मांडले. त्यांत बरोबर ओळखीचें प्रमाण शेंकडा ५२.३ भरलें, आणि शिकविलेल्या कानांचें त्याहून बरेंच अधिक. म्हणजे कांहीं थोड्या कानांस कांहीं थोडें कळत असावें. पण शेंकडा दोन-अडीचच्या या फरकास रावसाहेब ‘पडदा दूर झाल्यासारखें’ म्हणतात, आणि त्यासाठीं मोजतात तें लाखांनीं! आम्हीं त्यांस आमच्या कन्येच्या पडद्यामागें बसण्याचें आमंत्रण दिलें. “संगीत ही परीक्षेची गोष्ट नव्हे,” असें ते म्हणाले. त्याच सुमारास त्यांच्याकडून आणखी एक गोष्ट कळली. ऑक्टोबर २०२० मध्यें जपानांत नोबेओका येथें असाही कासेई यांच्या चिपांच्या कारखान्यास आग लागली, व जगभर त्या चिपांची टंचाई झाली. कित्येक कंपन्यांनीं मग निराळ्याच कारखान्याची चिप घालून आपलीं यंत्रें पुन्हां बाजारांत आणलीं. पहिल्या चिपेंत जो प्राण होता तो दुसरींत केव्हां शिरला, हें मात्र रावसाहेबांस सांगतां आलें नाहीं.

इतकें झाल्यावर वकीलसाहेब आनंदानें टाळी वाजवितील. नऊ डॉलरांचा जोड आणि चाळीस संध्याकाळीं खपून केलेला डॅक यांत कानास फरक कळत नसेल, तर आपलेंच म्हणणें सिद्ध झालें, असें ते म्हणतील. पैशाच्या बाबतींत झालेंच. तें आम्ही निमूटपणें कबूल करतों. आमच्या समानधर्मीयांनींहि ‘घरीं केला म्हणून स्वस्त पडला’ व ‘घरीं केला म्हणून चांगला वाजतो’ हीं दोन्ही वाक्यें यापुढें उच्चारूं नयेत. विशेषतः सुट्या रेझिस्टरांची शिडी रचून स्वतःचा सोळा बिटांचा डॅक उभारणाऱ्यांनीं कागदावर एक हिशेब करावा. शिडीच्या सर्वांत वरच्या रेझिस्टरांत हजारीं एकाची चूक असली, तर मधल्या पायरीवर उडी सुमारें तेहतीस पायऱ्यांनीं चुकते. आणि मधली पायरी म्हणजे जेथून प्रत्येक मंद स्वर पुन्हां पुन्हां ये-जा करतो ती जागा. जेथें गाणें सर्वांत नाजूक, तेथेंच शिडी सर्वांत अडाणी.

मग हा खटाटोप कशास? याचें उत्तर आमच्या डॅकनें पहिल्याच रात्रीं दिलें होतें. परीक्षा वगैरे पुढच्या गोष्टी. प्रथम वीज जोडली तेव्हां गाण्याच्या खालीं एक घुमारा येत होता. आम्ही भौतिकशास्त्राचे अध्यापक. पंचवीस वर्षें फळ्यावर हेंच शिकवीत आलों. घरची वीज पन्नास कंपनांची. रेक्टिफायरच्या पुढें ती शंभर कंपनांची होते. घुमारा पन्नासाचा असेल तर दोष बाहेरच्या जोडणींत, शंभराचा असेल तर तो पॉवर सप्लायच्या पोटांत. संगणकावरून दोन्ही स्वर वाजवून ताडून पाहिले. घुमारा शंभराचा निघाला. येथपर्यंत विद्या उपयोगी पडली. पुढें चार रात्री ती मुकी झाली. कपॅसिटर बदलले, मोठे घातले, रेग्युलेटर बदलला. घुमारा जसाच्या तसा. आमचा नकाशा निर्दोष होता. पाटी नकाशाप्रमाणें होती. पांचव्या रात्रीं ध्यानांत आलें कीं कपॅसिटर भरतांना दर सेकंदास शंभर वेळां जो एकेका अँपिअरचा झटका बसतो, तो परत जातांना ज्या तारेंतून जातो, तिच्याच दोन इंचांवर आम्हीं गाण्याची जमीनहि टेंकविली होती. तारेचा रोध ओहमचा शंभरावा भाग. पण एक अँपिअरनें गुणला कीं दहा मिलिव्होल्ट, म्हणजे सोळा बिटांच्या शंभराहून अधिक पायऱ्या! बिटांचा वाद जग घालीत बसलें आहे, आणि येथें दोन इंच तार शंभर पायऱ्या गिळीत होती. ती तार सोडवून कपॅसिटरच्या पलीकडल्या टोंकास लावली, घुमारा गेला.

फळ्यावर आम्ही ती तार रेषेनें दाखवितों, आणि फळ्यावरच्या रेषेस रोध नसतो. पंचवीस वर्षें आम्हीं विद्यार्थ्यांस जी जमीन काढून दाखविली ती कोठेंच अस्तित्वांत नाहीं, हें आम्हांस पन्नाशीनंतर एका घुमाऱ्यानें शिकविलें. ही कबुली लिहितांना आनंद होत नाहीं. आमच्या हातून शिकून गेलेल्या शेंकडों मुलांनीं प्रात्यक्षिकाच्या वहींत उत्तर आधीं ठरवून मागाहून वाचनें भरलीं, व आम्हीं त्यांवर सही केली. कारण यंत्रास हात लावून वाचन चुकलें तर गुण जातात, आणि न लावतां बरोबर आलें तर मिळतात. पुण्याच्या तपकीर गल्लींत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गल्ल्यापाशीं बसलेला मुलगा रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे पाहतांक्षणीं त्याची किंमत सांगतो, आमचा एम्. एस्सी. झालेला विद्यार्थी तेथें उभा राहून फोनमध्यें तक्ता शोधतो, आणि तरीहि त्या मुलास ‘अरे’ म्हणतो. हातानें काम करणारा तो खालचा व हातानें सही करणारा तो वरचा, ही आमच्या वर्गाची जुनी समजूत. वकीलसाहेबांच्या ‘शोभत नाहीं’ या दोन शब्दांत ती जशीच्या तशी जिवंत आहे. आणि रावसाहेबांची श्रद्धा हें तिचेंच दुसरें तोंड आहे. ज्यानें खोकें कधींच उघडलें नाहीं, त्यास त्यांत प्राण आहे असें कोणीहि सांगावें, आणि त्याचे पैसेहि कोणींहि घ्यावे.

एका साध्या गोष्टीनें हें अधिक पटेल. संगणकांतून येणाऱ्या आंकड्यांस ताल धरावयास आमच्या पाटीवर क्वार्ट्झचे दोन स्फटिक आहेत: एक २२.५७९२ मेगाहर्ट्झचा, दुसरा २४.५७६ चा. एकानें कां भागत नाहीं, असें कन्येनें विचारलें. तिला वाटलें, एक बिघडला तर दुसरा असावा. कागद पुढें ओढून तिनेंच दोघांसहि ५१२ नें भागलें: पहिल्याचे ४४,१०० आले, दुसऱ्याचे ४८,०००. कॉम्पॅक्ट डिस्कचा वंश एक व चित्रपट-चित्रफितींच्या ध्वनीचा वंश दुसरा, आणि एकाच्या तालांत दुसरा नीट बसत नाहीं, हें तिला त्या भागाकारानें कळलें. ती वाणिज्य शाखेची आहे. शॅननचें नांव तिनें त्या दिवशीं पहिल्यानें ऐकलें. त्यानंतर तिनें आपल्या खोलींतील बंद पडलेला रेडिओ उघडला आहे. तो अजून लागलेला नाहीं. पण दोष पॉवर सप्लायमध्यें नाहीं, इथवर तिनें आणून ठेविलें आहे.

वकीलसाहेब व रावसाहेब या दोघांसहि आमचें जाहीर आमंत्रण आहे. कोणत्याहि रविवारीं सकाळीं यावें. रावसाहेबांनीं आपला डॅक व वाटल्यास आपली मौल्यवान् केबल बरोबर आणावी. आवाज मीटरनें जुळवूं, नाणें वकीलसाहेबांनीं उडवावें, पडदा आमच्या घरचा. सोळांपैकीं तेरा बरोबर आलीं, तर या लेखांतील त्यांच्याविषयींचा प्रत्येक शब्द याच मासिकांतून परत घेऊं. चहा दोन्ही परींनीं मिळेल.